डेटा ज्याचा त्याच्याकडे, नोंद सर्वांकडे



 परिषदेच्या अध्यक्षीय भाषणात वाहनउद्योगाच्या वर्षभराच्या वाटचालीचा आढावा घ्यावा, अशी रीत आहे. पण त्या आढाव्यासाठी पुढची सत्रे आहेतच. म्हणून आज मी एकच प्रश्न हाती घेतो. इंटरनेटशी जोडलेल्या गाडीतून, म्हणजे कनेक्टेड कारमधून, निघणारा डेटा परस्परांवर विश्वास नसलेल्या कंपन्यांनी वाटून घ्यायचा कसा? आणि या कामात ब्लॉकचेनचा उपयोग किती खरा, किती केवळ बोलाचा? माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडतो. ब्लॉकचेन ही डेटा साठवायची जागा नव्हे आणि खरेखोटे ठरवणारे न्यायालयही नव्हे. कोणी, कोणाला, कोणत्या अटीवर, कोणाच्या संमतीने कोणता डेटा दिला, याची सर्वांच्या देखत ठेवलेली नोंदवही, एवढेच तिचे काम आहे. ते काम मोलाचे आहे. मात्र नोंदवही कोणा एकाच्या मालकीची असता कामा नये आणि गाडीमालकाला तीत हक्काची जागा हवी. या दोन अटी पाळल्या नाहीत, तर जगातले उत्तम तंत्रज्ञानही इथे वाया जाईल.

प्रश्न किती गुंतागुंतीचा आहे, ते एका साध्या घटनेवरून पाहू. द्रुतगती मार्गावर एखादी गाडी करकचून ब्रेक लावते. चाकांचा वेग मोजणारे सेन्सर ही घटना टिपतात आणि गाडीतील निरनिराळे इलेक्ट्रॉनिक कक्ष कॅन बसवरून ती एकमेकांना कळवतात. ही कॅन बस बॉश कंपनीने १९८६ मध्ये जगापुढे आणली, तेव्हा तिच्यावरचा संवाद गाडीच्या पत्र्याबाहेर जाईल, असे कोणाच्या मनातही नव्हते. आज गाडीत सिमकार्ड असलेले टेलिमॅटिक्स युनिट असते आणि ब्रेकची ही नोंद काही क्षणांत कंपनीच्या सर्व्हरवर पोचते. आता ही नोंद हवी कोणाकोणाला? ब्रेक पुरवणाऱ्या व्हेंडरला, कारण त्याला आपल्या मालाची कामगिरी कळते. विमा कंपनीला, कारण चालक कसा आहे याचा अंदाज येतो. मागून येणाऱ्या दुसऱ्या कंपनीच्या गाडीला, कारण पुढे धोका आहे. रस्ता सांभाळणाऱ्या यंत्रणेला, कारण त्याच जागी रोज ब्रेक लागत असतील तर दोष रस्त्याचा असू शकतो. गॅरेजवाल्याला दुरुस्तीसाठी हवी आणि ज्याने गाडीचे पैसे मोजले त्या मालकालाही हवी. एका नोंदीत इतक्यांचे हित गुंतलेले असते आणि ही हिते एका दिशेची नसतात. दोष ब्रेकचा की चालकाचा, या वादात व्हेंडर, वाहनकंपनी आणि विमा कंपनी उद्या एकमेकांसमोर उभ्या राहू शकतात.

आजची व्यवस्था या सर्वांना एकाच दारातून आत सोडते. गाडीतला डेटा आधी कंपनीच्या सर्व्हरवर जातो आणि इतरांना तो तिथूनच, कंपनीच्या अटींवर मिळतो. आयएसओ २००७८ या मानकातली 'एक्स्टेंडेड व्हेइकल' ही कल्पना याच मांडणीवर उभी आहे. तिच्यामागे सुरक्षिततेचे खरे कारण आहे. २०१५ मध्ये दोन अमेरिकी संशोधकांनी चालत्या जीप चेरोकीचा ताबा दुरून घेऊन दाखवला आणि कंपनीला १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. गाडीचे दार वाटेल त्याला उघडून देता येत नाही, हे त्या दिवशी सिद्ध झाले. पण दाराची किल्ली एकाच्याच हाती राहिली की तो पहारेकरी राहत नाही, व्यापारी होतो. म्हणूनच युरोपात स्वतंत्र गॅरेजवाले आणि विमा कंपन्या या मांडणीवर सतत आक्षेप घेत आल्या. मॅसॅच्युसेट्स राज्यात २०२० मध्ये टेलिमॅटिक्सचा डेटा दुरुस्ती करणाऱ्यांना खुला करावा यावर मतदान झाले, तेव्हा सुमारे ७५ टक्के मतदारांनी होकार दिला.

एकाच दाराच्या व्यवस्थेतून काय घडते, याचे दोन दाखले सर्वांसमोर आहेत. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने उघड केले की, जनरल मोटर्सच्या गाड्यांमधील चालकांच्या सवयींचा डेटा दलाल कंपन्यांमार्फत विमा कंपन्यांपर्यंत जात होता. एका चालकाने आपल्याविषयीचा अहवाल मागवला, तर तो २५८ पानांचा निघाला. कोणत्या दिवशी गाडी किती वाजता निघाली, किती वाजता थांबली, किती अंतर गेली, किती वेळा जोरात ब्रेक लागला, हे सारे त्यात फेरीवार लिहिलेले होते. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जनरल मोटर्सवर कारवाई केली, तेव्हा गाडीचा ठावठिकाणा दर तीन सेकंदांनी घेतला जात असल्याचेही समोर आले. दुसरा दाखला डिसेंबर २०२४ चा. फोक्सवॅगन समूहाच्या सुमारे ८ लाख इलेक्ट्रिक गाड्यांची माहिती क्लाउडवर उघडी पडलेली सापडली. त्यांतल्या सुमारे ४ लाख ६० हजार गाड्या कुठे उभ्या होत्या, हे बारकाईने कळत होते. पहिल्या प्रकरणात डेटा गुपचूप दिला गेला आणि दुसऱ्यात तो निष्काळजीपणाने उघडा राहिला. पण दोन्हींचे मूळ एकच आहे. डेटा कुठून कुठे गेला, याचा हिशेब ठेवणारा आणि तो हिशेब तपासणारा, दोघे एकच होते. बाहेरच्या कोणालाही, अगदी मालकालाही, तो पाहता येत नव्हता.

आता ब्लॉकचेनकडे येऊ. या तंत्राची मुळे बिटकॉइनपेक्षा जुनी आहेत. १९९१ मध्ये स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या दोन शास्त्रज्ञांनी संगणकीय कागदपत्रावर तारखेची न बदलता येणारी मोहोर कशी उमटवावी, यावर निबंध लिहिला. त्यांची युक्ती समजायला सोपी आहे. कोणत्याही मजकुरावर ठरावीक गणिती प्रक्रिया केली की ठरावीक लांबीचा एक संकेत मिळतो. त्याला हॅश म्हणतात. मूळ मजकुरात एक स्वल्पविराम बदलला तरी हॅश पूर्ण बदलतो आणि हॅशवरून मूळ मजकूर परत काढता येत नाही. प्रत्येक नव्या हॅशमध्ये आधीचा हॅश गुंफत गेले की साखळी तयार होते. मधलीच एखादी नोंद बदलायची, तर तिच्या पुढच्या सर्व नोंदी बदलाव्या लागतात. पण साखळीचा मालकच उद्या बेइमान झाला तर? या शास्त्रज्ञांच्या कंपनीने त्यावर उपाय काढला. १९९५ पासून आठवड्याचा हॅश न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत छापायला सुरुवात झाली. त्या दिवसाचे वर्तमानपत्र हजारो घरांत आणि ग्रंथालयांत पोचलेले असते. ते सगळे गोळा करून बदलणे कोणाला शक्य आहे? ब्लॉकचेनचे सारे बळ याच जागी आहे. नोंदीची प्रत इतक्या जणांच्या हाती असावी की, ती गुपचूप बदलणे कोणाच्याही आवाक्यात राहू नये.

कंपन्यांच्या व्यवहारात ही प्रत जगजाहीर करावी लागत नाही. हायपरलेजर फॅब्रिकसारख्या प्रणालीत ओळख पटवून प्रवेश दिलेले सभासदच नोंद करतात आणि प्रत बाळगतात. बिटकॉइनसारखी विजेची उधळपट्टी तिथे होत नाही, कारण कोडी सोडवण्याची शर्यतच तिथे नसते. गाडीचा मूळ डेटा ज्या कंपनीकडे आहे तिथेच, तिच्या कुलपात राहतो. नोंदवहीत जातो तो त्या डेटाचा हॅश, देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची डिजिटल सही, वेळ, वापराची अट आणि मालकाची संमती. उद्या वाद उभा राहिला, तर व्हेंडरने आपल्याकडचा डेटा पुढे ठेवायचा, त्याचा हॅश काढायचा आणि तो नोंदवहीतल्या हॅशशी ताडून पाहायचा. जुळला तर डेटा त्या दिवसापासून बदललेला नाही. नाही जुळला, तर कोणीतरी हात घातला आहे.

महाराष्ट्रात ही कल्पना समजायला फार लांब जावे लागत नाही. आपल्याकडे जमिनीचा व्यवहार झाला की तलाठ्याकडे गाव नमुना सहामध्ये फेरफाराची नोंद होते. ज्यांचे हित गुंतले आहे त्यांना नोटीस जाते, हरकतीसाठी मुदत मिळते आणि मगच नोंद प्रमाणित होऊन सातबारावर चढते. वाद निघाला तर त्यासाठी सहा-अ ही वेगळी नोंदवही असते. या फेरफारात जमीन नसते, जमिनीच्या व्यवहाराची साखळी असते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे ही नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानली जाते. पण तेवढ्यावरून मालकी सिद्ध होत नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. वाहनांच्या डेटासाठी जी नोंदवही हवी, तिच्याकडून आपली अपेक्षा एवढीच असावी. प्रत्येक व्यवहार क्रमाने नोंदलेला असावा, संबंधितांना कळवलेला असावा, हरकत घ्यायची सोय असावी आणि विरुद्ध पुरावा येईपर्यंत नोंद ग्राह्य धरली जावी. पण नोंद म्हणजेच सत्य, असे मानण्याची चूक आपण करू नये.

हे सारे कागदावरचे बेत आहेत का? नाही. रेनो कंपनीने आयबीएमच्या साथीने एक्सीड नावाचा प्रकल्प हायपरलेजर फॅब्रिकवर उभा केला. गाडीचा प्रत्येक भाग नियमांप्रमाणे बनला आहे, याची कागदपत्रे व्हेंडर आणि वाहनकंपनी यांच्यात वाटून घेणे, हा त्याचा हेतू होता. २०२० मध्ये फ्रान्समधील दुए येथील कारखान्यातली चाचणी जाहीर झाली, तेव्हा १० लाखांहून अधिक कागदपत्रे नोंदली गेली होती आणि वेग सेकंदाला ५०० व्यवहारांचा होता. ब्लॉकचेन संथ असते, या आक्षेपाला त्या कामापुरते तरी हे पुरेसे उत्तर आहे. ब्रेक कधी लावायचा, हे ठरवण्यासाठी ब्लॉकचेन कोणी वापरू नये. प्रमाणपत्र कधी दिले, हे सिद्ध करायला हा वेग भरपूर झाला.

व्होल्व्हो कार्सचे उदाहरण आणखी बोलके आहे. बॅटरीतले कोबाल्ट कोणत्या खाणीतून आले, ते माणसांचे शोषण करून तर काढलेले नाही ना, हे ग्राहकाला सांगायचे, तर खाण, शुद्धीकरण, सेल बनवणारी कंपनी आणि वाहनकंपनी, सगळ्यांच्या नोंदी एका धाग्यात ओवाव्या लागतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये व्होल्व्होने सीएटीएल आणि एलजी केम या बॅटरी पुरवठादारांसह हे काम ब्लॉकचेनवर करायचे जाहीर केले. जून २०२४ मध्ये त्यांच्या ईएक्स ९० या गाडीसाठी बॅटरीचा पासपोर्ट तयार झाला. चालकाच्या दाराच्या आतल्या बाजूला असलेला क्यूआर कोड मोबाइलने वाचला की कच्चा माल कुठला, कार्बनचा हिशेब काय, हे मालकाला दिसते. प्रत्येक गाडीमागे त्याचा खर्च सुमारे १० डॉलर येत असल्याचे तेव्हा सांगितले गेले. युरोपीय संघाच्या बॅटरी नियमावलीने असा पासपोर्ट १८ फेब्रुवारी २०२७ पासून इलेक्ट्रिक वाहनांच्या बॅटऱ्यांना बंधनकारक केला आहे. तो ब्लॉकचेनवरच हवा, असे नियमावली म्हणत नाही. पण अनेक देशांतल्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या कंपन्यांची साखळी सिद्ध करण्याची जबाबदारी ती टाकते आणि त्या जबाबदारीला हे तंत्र बरोबर बसते.

आता आक्षेप घेऊ. ते वजनदार आहेत आणि त्यांना बगल देऊन माझे म्हणणे उभे राहणार नाही. पहिला आक्षेप असा की, खोटी माहितीच नोंदवहीत गेली तर ब्लॉकचेन ती खोटी माहिती अमर करील. हे खरे आहे. टकाटा या एअरबॅग कंपनीने चाचण्यांचे आकडे बदलून वाहनकंपन्यांना दिले होते. २०१७ मध्ये तिने अमेरिकेत गुन्हा कबूल केला आणि १ अब्ज डॉलरचा दंड मान्य केला. अहवाल मुळातच खोटा लिहिला जात असेल, तर हॅश काय करणार? पण त्याच वर्षी उघडकीला आलेले कोबे स्टीलचे प्रकरण वेगळे काही शिकवते. तिथे ॲल्युमिनियम आणि तांब्याच्या मालाची मोजमापे ग्राहकाच्या अटींत बसत नसताना तपासणीच्या प्रमाणपत्रांतले आकडे बदलले गेले आणि तो माल ५०० हून अधिक ग्राहकांकडे गेला. खाडाखोड यंत्राने केली नव्हती. यंत्राचे माप आणि प्रमाणपत्र यांच्यामध्ये माणसाचा हात आला होता. यंत्रातून आकडा निघताक्षणी त्याचा हॅश ग्राहकाच्याही नोंदवहीत गेला असता, तर मधला हात पकडला गेला असता. म्हणजे ब्लॉकचेन खोटेपणा थांबवत नाही, खोटेपणा करायची जागा आक्रसते. खोटे बोलणाऱ्याला मग थेट मोजमापाच्या यंत्राशी छेडछाड करावी लागते आणि सेन्सरची सुरक्षा, त्याचे कॅलिब्रेशन, अचानक तपासणी या ओळखीच्या उपायांनी तिथे पहारा बसवता येतो. या उपायांशिवाय ब्लॉकचेन विकणारा माणूस अर्धीच वस्तू विकत असतो, हे खरेदी करणाऱ्याने लक्षात ठेवावे.

दुसरा आक्षेप मला सर्वांत जास्त गंभीर वाटतो. विश्वासार्ह अशी एक मध्यवर्ती संस्था नेमली, तर हा सारा खटाटोप कशाला? जुन्या गाडीचे मीटर मागे फिरवण्याचा प्रश्न घ्या. बेल्जियमने कायदा करून २००६ पासून कार-पास ही व्यवस्था आणली. गाडी गॅरेजमध्ये किंवा तपासणीला आली की किलोमीटरचा आकडा मध्यवर्ती संस्थेकडे जातो आणि जुनी गाडी विकताना विक्रेत्याला तो दाखला द्यावाच लागतो. ब्लॉकचेनचा मागमूसही नसताना ही फसवणूक तिथे नावापुरती उरली. आपल्याकडचे अकाउंट ॲग्रिगेटरही असेच. रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये त्यांचे नियम केले. ग्राहकाच्या संमतीने आर्थिक माहिती एका संस्थेतून दुसरीत जाते आणि मधल्याला ती साठवताही येत नाही. तिथेही ब्लॉकचेन नाही. उलट ऑस्ट्रेलियाच्या शेअर बाजाराने आपली व्यवहारपूर्तीची प्रणाली ब्लॉकचेनच्या धर्तीवर नव्याने बांधायला घेतली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सुमारे २५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरवर पाणी सोडून ते काम थांबवले. या उदाहरणांवरून मी एक कसोटी काढतो. सर्वांना मान्य असलेला आणि सर्वांवर अधिकार चालणारा पंच जिथे आहे, तिथे ब्लॉकचेन आणू नये. बेल्जियमला आपले सरकार आहे, बँकांच्या डोक्यावर रिझर्व्ह बँक आहे, त्या शेअर बाजाराचा कारभार त्याच्याच हाती होता. कनेक्टेड कारची साखळी मात्र काँगोतल्या खाणीपासून चीनमधल्या सेल कारखान्यापर्यंत आणि स्वीडनमधल्या गाडीपासून भारतातल्या सॉफ्टवेअर कंपनीपर्यंत पसरते. तिच्यात खाणवाले, विमावाले, मोबाइलसेवा देणारे आणि रस्तेवाले आहेत. या सर्वांवर हुकूम चालेल असा पंच जगात नाही. ब्लॉकचेनची गरज इथे सुरू होते आणि इथेच संपते.

याच कसोटीने काही कामे आपोआप बाद होतात. पुढे निसरडे आहे, अपघात झाला आहे, ही सूचना एका कंपनीच्या गाडीने दुसरीच्या गाडीला द्यावी, यासाठी युरोपात 'डेटा फॉर रोड सेफ्टी' या नावाने वाहनकंपन्या, नकाशे बनवणाऱ्या कंपन्या आणि सरकारे एकत्र आली आहेत. साध्या परस्परकरारावर ते काम चालते. निसरड्या रस्त्याविषयी खोटे सांगून कोणाचाच फायदा नसतो. म्हणून तिथे साक्षीदाराची गरज पडत नाही, वेगाची पडते. याउलट जिथे आकडा बदलला की पैसा इकडचा तिकडे होतो, म्हणजे वॉरंटीचा दावा, विम्याचा हप्ता, बॅटरीचे उरलेले आयुष्य, दोषी सुट्या भागाची जबाबदारी, तिथे साक्षीदार हवाच.

तिसरा आक्षेप अनुभवाचा आहे. कंपन्यांचे असे संघ टिकत नाहीत, असे म्हटले जाते आणि त्याला ट्रेडलेन्सचा दाखला दिला जातो. मर्स्क आणि आयबीएम यांनी २०१८ मध्ये जहाजवाहतुकीच्या कागदपत्रांसाठी ही ब्लॉकचेन उभारली. तंत्रज्ञान चालत होते, स्पर्धक जहाजकंपन्याही पुढे सामील झाल्या. तरीही नोव्हेंबर २०२२ मध्ये ती बंद करत असल्याचे जाहीर झाले, कारण व्यवसाय म्हणून टिकण्याइतके सर्वांचे सहकार्य मिळाले नाही. यातून मी घेतो तो धडा तंत्रज्ञानाचा नाही, मालकीचा आहे. नोंदवही एका खेळाडूच्या घरात ठेवली, तर बाकीचे खेळाडू सही करतील, पण मन घालणार नाहीत. वाहनउद्योगाला हे उशिरा का होईना उमगले आहे. २०१८ च्या मे महिन्यात बीएमडब्ल्यू, फोर्ड, जनरल मोटर्स, रेनो, बॉश आदींनी मोबी हा संघ स्थापन केला. त्याने २०१९ मध्ये वाहनाच्या डिजिटल ओळखीचे मानक प्रसिद्ध केले. चासी नंबरच्या सतरा अक्षरांना जन्मापासून भंगारापर्यंतचा इतिहास जोडता यावा, ही त्यामागची दृष्टी आहे. जर्मनीत २०२१ मध्ये कटेना-एक्स हे वाहनउद्योगातील डेटाच्या देवाणघेवाणीचे जाळे उभे राहिले. तिथे प्रत्येक कंपनीचा डेटा तिच्याचकडे राहतो आणि ठरलेल्या अटींवर कनेक्टर नावाच्या सॉफ्टवेअरमधून थेट दुसरीकडे जातो. त्याचा पाया ब्लॉकचेन नाही आणि मला त्यात विरोध दिसत नाही, पूरकता दिसते. डेटाची ने-आण कटेना-एक्सच्या रीतीने व्हावी. त्या व्यवहाराची साक्ष, जिथे वादाचा संभव आहे तिथेच, सर्वांच्या नोंदवहीत राहावी.

चौथा आक्षेप माणसाच्या खासगीपणाचा आहे. जे पुसता येत नाही, ते माणसाविषयी लिहावेच का? युरोपचा डेटा संरक्षण कायदा आणि आपला २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, दोन्ही माणसाला आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क देतात. मूळ डेटा बाहेर ठेवला आणि नोंदवहीत केवळ हॅश ठेवला की प्रश्न मिटला, असे काहीजण सांगतात. तो मिटत नाही. वाहननोंदणीचे उदाहरण घ्या. 'एमएच १२' या संकेतांकाखाली दोन अक्षरे आणि चार अंक धरले, तर जास्तीत जास्त सुमारे ६८ लाख क्रमांक होतात. नुसत्या क्रमांकाचा हॅश नोंदवहीत ठेवला, तर साधा संगणकही सारे क्रमांक एकेक करून ताडून पाहील आणि काही सेकंदांत गाडी ओळखेल. म्हणून प्रत्येक नोंदीत आधी एक मोठी गुप्त संख्या मिसळावी लागते आणि ती संख्या मूळ डेटासोबत नोंदवहीच्या बाहेर ठेवावी लागते. मालकाने पुसायला सांगितले की मूळ डेटा आणि ती संख्या दोन्ही नष्ट करायची. मागे उरतो तो कशाशीच जोडता न येणारा संकेत. ही काळजी न घेता बांधलेली प्रणाली मालकाची साक्षीदार ठरणार नाही, त्याच्यामागे लावलेला हेर ठरेल. तिला या उद्योगाने परवानगी देऊ नये.

पाचवी शंका स्पर्धाकायद्याची. स्पर्धक एका नोंदवहीभोवती बसले, तर संगनमत होणार नाही का? होऊ शकते. जुलै २०२१ मध्ये युरोपीय आयोगाने धूर शुद्ध करण्याच्या तंत्रात स्पर्धा टाळण्यासाठी एकत्र आल्याबद्दल बीएमडब्ल्यू आणि फोक्सवॅगन समूह यांना एकूण ८७ कोटी ५० लाख युरो दंड केला. आणि डेटा न दिसताही केवळ व्यवहारांची संख्या पाहून कोणता व्हेंडर कोणाला किती माल देतो, याचा सुगावा स्पर्धकाला लागू शकतो. म्हणून प्रत्येक व्यवहार संबंधित दोघा-तिघांनाच दिसावा आणि इतरांकडे केवळ त्याचा एकत्रित हॅश जावा. अशी रचना तंत्रात उपलब्ध आहे. ती वापरण्याची सक्ती संघाच्या घटनेतच असली पाहिजे.

हा विषय आपल्या दारात कसा येतो? चाकण, रांजणगाव, वाळूज, अंबड इथले कारखाने आणि कोल्हापूरच्या फाउंड्र्या जगभरच्या गाड्यांना भाग पुरवतात. युरोपातील वाहनकंपनी उद्या आपल्या व्हेंडरकडे मालाची किंमत आणि गुणवत्ता यांच्या जोडीने त्याच्या कार्बनचा, कच्च्या मालाचा आणि प्रक्रियेचा पडताळता येईल असा डेटाही मागणार आहे. युरोपचा डेटा कायदा १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. गाडी वापरणाऱ्याला तिचा डेटा मिळण्याचा आणि तो तिसऱ्याला देण्याचा हक्क त्याने दिला. त्या गाड्यांचे सॉफ्टवेअर लिहिणारे बरेच अभियंते पुण्यात बसतात. देशातही चित्र बदलते आहे. सार्वजनिक वाहनांना एआयएस-१४० या मानकाप्रमाणे ठावठिकाणा सांगणारे यंत्र लागले. विमा प्राधिकरणाने २०२२ मध्ये गाडी किती आणि कशी चालवली यावर हप्ता ठरवण्याची मुभा दिली. म्हणजे चालकाच्या सवयींचा डेटा आपल्याकडेही विम्याच्या टेबलावर आला. परदेशात जे अहवाल मालकांच्या पाठीमागे तयार झाले, ते इथे होऊ द्यायचे नसतील, तर नियम आत्ताच बांधले पाहिजेत. आणखी एक भीती मी स्पष्ट बोलतो. मोठ्या कंपन्या आपापली नोंदवही लादतील आणि पन्नास कामगारांच्या छोट्या कारखानदाराला पाच ग्राहकांच्या पाच प्रणालींत तीच माहिती पाच वेळा भरावी लागेल. ज्याला ब्लॉकचेन म्हणजे काय हे माहीत नाही, त्याच्यावर तिचा सर्वांत जास्त बोजा पडेल. हा अन्याय आहे आणि तो टाळता येतो.

म्हणून या व्यासपीठावरून मी चार गोष्टींचा आग्रह धरतो. नोंदवही कोणा एका वाहनकंपनीची किंवा सॉफ्टवेअर कंपनीची नसावी. ती सभासदांच्या समान मताधिकारावर चालणाऱ्या, नफा न वाटणाऱ्या संस्थेची असावी आणि बाहेर पडणाऱ्याला आपल्या नोंदी सोबत नेता याव्यात. खर्च उलाढालीच्या प्रमाणात वाटावा, म्हणजे छोट्या व्हेंडरला तो परवडेल आणि एकदा भरलेली माहिती सर्व ग्राहकांना चालेल. गाडीमालकाला आपल्या गाडीचा कोणता डेटा कोणाला गेला, हे मोबाइलवर, मराठीसह आपल्या भाषेत, केव्हाही पाहता यावे आणि संमती काढून घेता यावी. आणि वादांसाठी स्वतंत्र, मुदतबद्ध निवाड्याची सोय पहिल्या दिवसापासून असावी, कारण साखळीतली नोंद पुसता येत नसेल, तर तिच्यावर हरकत नोंदवण्याचा हक्क दुप्पट मोलाचा ठरतो.

सुरुवात कुठून करावी, याचेही उत्तर मी देतो. ती इलेक्ट्रिक वाहनाच्या बॅटरीपासून करावी. बॅटरी हा गाडीतला सर्वांत महाग भाग आहे. तिचे उरलेले आयुष्य किती, यावर जुन्या गाडीची किंमत ठरते. ती गाडीतून निघाल्यावर दुसऱ्या कामाला आणि शेवटी पुनर्वापराला जाते. तिच्या आयुष्यात अनेक मालक आणि अनेक कंपन्या येतात आणि खोटे सांगण्याचा मोह प्रत्येक टप्प्यावर असतो. माझ्या कसोटीला ती पूर्ण उतरते आणि खासगीपणाचा धोका तिथे तुलनेने कमी आहे, कारण बॅटरीच्या तब्येतीची नोंद ठेवायला मालक कुठे गेला होता, हे कळावे लागत नाही. पुण्यात एआरएआयसारखी १९६६ मध्ये स्थापन झालेली, वाहनांची चाचणी करणारी संस्था आहे, वाहनकंपन्या आहेत, व्हेंडर आहेत, सॉफ्टवेअर अभियंते आहेत. चारही घटक एका जिल्ह्यात असलेली जागा सहजासहजी मिळत नाही. या परिषदेने समारोपापूर्वी या चौघांचे आणि वाहनधारकांच्या प्रतिनिधींचे एक कार्यदल नेमावे आणि बॅटरीच्या नोंदवहीचा मसुदा, तिची घटना आणि तिचे नियम यांसह, पुढच्या अधिवेशनापुढे ठेवण्याची जबाबदारी त्याच्यावर सोपवावी. नियम दुसऱ्यांनी लिहिले की आपल्या वाट्याला फक्त ते पाळण्याचे काम येते. हे नियम लिहिण्याची बुद्धी, अनुभव आणि गरज तिन्ही या सभागृहात आहेत. त्यांचा उपयोग करण्याचा ठराव आपण एकमताने कराल, असा मला विश्वास आहे.